जामीनदाराचा रकाना

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या बायकोची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जाताना दोन बस, येताना दोन बस. येताना तिचे पाय लटपटत. एकदा तर ती बसच्या पायरीवरच मटकन बसली आणि मागची माणसं खोळंबली. त्या दिवशी त्यानं ठरवलं, जुनी का होईना, गाडी आणायची. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तीन वर्षांच्या लीजवर.

दोन कंपन्यांनी वाटेला लावलं. तिसरीकडे काउंटरवर एक पोक्त बाई होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर पडलाय. व्हॅनच्या कर्जाचे नऊ हप्ते थकले होते."

"माझी कसली व्हॅन? माझ्याकडे सायकलसुद्धा नाही हो."

"कर्ज तुमच्या साडूंचं. तुम्ही जामीनदार."

"छे! मी साक्षीला सही केली होती."

बाईंनी कागद छापून समोर ठेवला. सही त्याचीच, जामीनदाराच्या रकान्यात. साक्षीदाराचा रकाना त्याच्या खाली, आणि तिथं कुणा परक्याचं नाव. सहीच्या दिवशी त्याचा चष्मा घरी राहिला होता आणि साडूनं बोट टेकवलं तिथं त्यानं सही ठोकली होती. वर इतकी वर्षं चारचौघांत सांगत होता, "मी जन्मात कुणाला जामीन राहिलो नाही."

"हप्ते नंतर फिटलेत," बाई म्हणाल्या, "म्हणजे अगदीच दार बंद नाही. थकबाकी आपलीच होती असं साडूंकडून लिहून आणा. आणि पगारदार जामीनदार आणा. मी वरती शब्द टाकते. पण शुक्रवारच्या आत. ह्या भाड्यात एकच गाडी उरलीय."

साडूशी त्याचा अबोला होता. मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर साडू म्हणाला होता, "आमच्या साडूबुवांचा जन्म वरखाली करण्यात गेला, पोचले कुठंच नाहीत."

बायको म्हणाली, "भावजींकडे मी जाऊ का?"

"तुला दोन जिने चढवतात का?"

"मग तुम्ही जा. अबोला तुमचा, रक्त मात्र माझं धुवावं लागतंय."

व्हॅन विकून साडू एका गोदामात पगारावर लागला होता. जेवणाच्या सुट्टीत तो खोक्यावर बसून डबा खात होता.

"या! लिफ्ट बंद पडली वाटतं, चालत आलात?"

ह्यानं कागद पुढं केला. साडूचं चावणं थांबलं. डब्याचं झाकण लावून तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"रकाना कुठला ते. जामीन म्हटलं असतं तर तुम्ही सही केली नसती."

येताना ह्यानं चार कडक शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. पण रात्र बायकोच्या उशाशी बसून काढलेली. त्याला त्या उच्चारायचाही कंटाळा आला.

"शिव्या पुढं कधीतरी देईन. शुक्रवारी येता का? तुम्हीच जामीन राहा."

"येतो. पण हे तुमच्या मेहुणीला सांगू नका."

"सांगणार. तेवढी तरी चैन करू द्या मला."

शुक्रवारी साडू इस्त्रीचा शर्ट घालून आला. थकबाकीचं लिहून दिलं. मग बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं, "इथे सही."

"थांबा बाई. हा रकाना कुठला?"

"साक्षीदाराचा," हा गंभीरपणे म्हणाला.

"नाही हो काका, जामीनदाराचा!" बाई घाबरून म्हणाल्या. दोघंही साडू खाली मान घालून हसले. मग साडूनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून सही केली.

बाई आत जाऊन वीस मिनिटांनी आल्या. "झालं मंजूर. जामीनदाराचाही स्कोअर पडलेला, म्हणून भाडं थोडं जास्त पडेल, अनामत दुप्पट." त्यानं मान डोलावली. किल्ली हातात आली तरी तो खुर्चीतच बसून राहिला. शेवटी साडूनं त्याला दंडाला धरून उठवलं.

सोमवारपासून बायको गाडीनं जाऊ लागली. येताना ती सीट मागं करून घरापर्यंत झोपे. त्याला कामावरून सुटी मिळाली नाही तर साडू तिला ने-आण करी. असे चौदा महिने गेले. मुलीच्या लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा, मार्चच्या नऊ तारखेला सकाळी, बायको दवाखान्यात वारली.