पुरीला नेलेलं जहाज

टेलिफोन एक्स्चेंजच्या बाबूने प्रवास सवलतीच्या मंजुरीचा कागद हातात ठेवला, तेव्हा रूपराव मांडवकरच्या मनात पहिला विचार आला तो जहाजाचा. चौदा महिन्यांपासून तो ते बनवत होता आणि चार आणे काम अजून बाकी होतं. नागपूरला छंदांचं एक प्रदर्शन भरणार होतं, त्यात ते अठ्ठावीस मेच्या आत पोचवायचं होतं. कागदावरची सुटी होती बारा ते पंचवीस मे.

हे १९८३ सालचं. रूपराव एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होता, अडतीस वर्षांचा, जाड चष्म्याचा. पिपरी मेघेला दोन खोल्यांचं घर, बायको कोकिळा आणि बारा वर्षांची मुलगी नलू. ड्युटीवरून आला की हातपाय धुवायच्या आधी तो खिडकीतल्या टेबलाशी जायचा. त्या टेबलावर हातभर लांबीचं जहाज होतं. आगपेटीच्या काड्या, बांबूच्या चोया, पुठ्ठा, सायकलच्या तारा, आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. एका न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर जहाजाचं चित्र होतं, ते त्याने वर्ष संपल्यावर मागून आणलं होतं. त्या चित्रावरून जहाज. समुद्र त्याने पाहिला नव्हता. घरात कोणीच पाहिला नव्हता.

म्हणूनच कोकिळेने पुरी ठरवली होती. दोन वर्षांपासून ती समुद्र म्हणत होती. सवलतीत वडिलांनाही नेता येत होतं, म्हणून रूपरावने अल्लीपूरला निरोप पाठवला. त्याचे वडील महादेवराव तिथे धाकट्या मुलाकडे राहत. ते सुतार. चाळीस वर्षं त्यांनी बंड्या आणि वखरं बनवली. मग टायरच्या बंड्या आल्या, लाकडी चाकं कोणी विचारेना, आणि पाच-सहा वर्षांपासून त्यांनी लाकूड तासायचं वाकस हातात धरलं नव्हतं. हात थरथरतात, असं ते सांगायचे. पिपरीला आले की मुलाच्या टेबलामागे खाटेवर बसून राहायचे. जहाजाबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. रूपरावने त्याचा अर्थ लावला होता की म्हाताऱ्याला हे पोरखेळ वाटतं.

जहाज सोबत न्यायचं, हे त्याने कोकिळेला निघायच्या चार दिवस आधी सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली नाही. सुटी सगळ्यांची आहे की जहाजाची, एवढंच विचारलं. त्याने हिशेब मांडून दाखवला: दुपारी सगळे झोपतात, तेवढा एक तास. बाकी सगळा दिवस तिचा आणि नलूचा. तिला ते पटलं नाही, पण नवऱ्याला ती ओळखून होती. ते टेबल सोडून त्याला कुठे पाठवलं तर तो लग्नाच्या पंगतीतही बोटांनी पत्रावळीच्या काड्या मोजत बसायचा.

आंब्याच्या पेटीत सरकी काढलेला कापूस भरून त्यात त्याने जहाज झोपवलं. दुसऱ्या पिशवीत चिमटे, ब्लेड, सरसाचा डबा. वर्ध्याहून खरगपूरपर्यंत पेटी त्याच्या मांडीवर होती. डब्यातल्या लोकांनी विचारलं तेव्हा त्याने मशीन आहे म्हणून सांगितलं. बिलासपूरला नलूने पाय लांब करायला पेटी खाली ठेवा म्हटलं, तर तो तिच्यावर खेकसला. महादेवराव खिडकीशी बसून सागाची झाडं कुठे संपतात ते पाहत होते.

पुरीला धर्मशाळेत खोली मिळाली. सामान टाकून सगळे तसेच किनाऱ्यावर गेले. कोकिळा पाणी पाहून जागीच थांबली. नलू चपला हातात घेऊन धावली. रूपरावने समुद्र पाहिला आणि त्याला वाटलं, एवढ्या हलणाऱ्या पाण्यावर आपलं जहाज सरळ उभं राहील का? त्याची रुंदी कमी तर नाही झाली? पाच मिनिटांत तो आलोच म्हणून खोलीवर परतला.

पेटी उघडली तर डेकचा पुठ्ठा लाट आल्यासारखा फुगला होता. कठड्याच्या काड्या सुटून कापसात पडल्या होत्या. वर्ध्याच्या मे महिन्यात सरस बोटावर असतानाच वाळायचा. इथे हवेतच पाणी होतं. त्याने कोकिळेच्या स्टोव्हवर सरस तापवला, काड्या पुन्हा बसवल्या, आणि तासाभराने हात लावला तर चिकट. संध्याकाळी चिकट. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोटाला तार आली.

मग त्याला स्वस्थता राहिली नाही. जहाज घेऊन तो गच्चीवर उन्हात गेला, तर वाऱ्याने एक धुराडं उडवलं. खाली आणलं, तर खोलीत दमट. किनाऱ्यावर जायचा, दहा मिनिटं वाळूत बसायचा, उठायचा, खोलीवर येऊन बोट लावून पाहायचा, पुन्हा किनाऱ्यावर. एका सकाळी असा तो चार वेळा गेला-आला. नलूने हात धरून पाण्यात न्या म्हटलं, तो उद्या म्हणाला. कोकिळेने नारळपाणी घेतलं, त्याचं नारळ तसंच वाळूत राहिलं. खोलीभर सरसाचा वास भरला होता. दुपारच्या एका तासाचा करार कधीच मोडला होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

महादेवराव मात्र सकाळी चहा घेऊन निघायचे ते जेवायलाच परतायचे. कुठे जाता विचारलं तर हात हलवून, इथंच, म्हणायचे. तिसऱ्या दिवशी जेवायची वेळ टळली तरी ते आले नाहीत. कोकिळा घाबरली. एवढा मोठा समुद्र आणि म्हातारा माणूस. तिने रूपरावच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि त्याला शोधायला पाठवलं.

किनाऱ्याने अर्धा कोस गेल्यावर कोळ्यांच्या होड्या लागल्या. त्यातली एक वाळूत आडवी केली होती आणि तीन-चार काळीशार माणसं तिच्यावर काम करत होती. त्यांच्यात डोक्याला धोतराचा सोगा गुंडाळून महादेवराव बसले होते. पलीकडचा माणूस फळीच्या छिद्रातून काथ्याची दोरी बाहेर काढायचा, आणि महादेवराव होडीला पाय लावून ती ताणून धरायचे. कोळी मूळ आंध्राकडचे, ते तेलुगू बोलत होते, महादेवराव वऱ्हाडी. दोघांचंही छान चाललं होतं.

रूपराव जवळ गेला. वडिलांचे हात दोरीवर होते आणि थरथरत नव्हते. ते त्याने बराच वेळ पाहिलं.

महादेवरावांनी त्याला बसायला सांगितलं आणि होडीवरून हात फिरवला. म्हणाले, खिळा नाही एकही. सगळी शिवलेली आहे. खिळ्यांची असती तर लाटेच्या पहिल्या तडाख्याला फळी फाटली असती. शिवण जराशी देते आणि पुन्हा जागेवर येते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तीन दिवस पाहून कळलं होतं. एवढं सलग ते गेल्या कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. मग दोरी कोळ्याच्या हातात देऊन, मुलाकडे न पाहता, त्यांनी विषय काढला.

"तुया जहाजाचं बूड वाकडं आहे. मागच्या अंगानं डावीकडे गेलं."

रूपरावला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली.

"कधी पाह्यलं तुमी?"

"दिवाळीपासून दिसून राह्यलं मले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

महादेवरावांनी हातातली काथ्याची धूळ झटकली. "तू इचारलं कधी? सुताराच्या घरचा पोरगा, लाकूड तासून राह्यला, अन् बाप मागं खाटेवर बसला. एक डाव तरी मान वळवून इचारतो का मी वाट पाहे."

रूपराव उठला. खोलीवर परत येईपर्यंत तो वडिलांच्या पुढे दहा पावलं होता. आल्याबरोबर त्याने जहाज उलटं केलं, दोन टोकांना दोरा ताणला आणि डोळा लावला. बूड वाकडं होतं. जोंधळ्याच्या दाण्याएवढं, पण होतं. चौदा महिने त्या वाकड्या बुडावर त्याने भिंती चढवल्या होत्या, म्हणूनच डेक कधी नीट बसत नव्हता, आणि तो दर वेळी पुठ्ठ्याला दोष देत होता. त्या रात्री जेवताना त्याने दोन घास खाल्ले.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांना विचारलं, आता काय करता येईल. महादेवराव म्हणाले, उसवावं लागेल. बाप-लेक खोलीच्या फरशीवर बसले आणि ओल्या फडक्याने सरस भिजवून एकेक काडी सोडवायला लागले. कोकिळा नलूला घेऊन एकटीच किनाऱ्यावर गेली. दुपारी परत आली तेव्हा दारापासून खिडकीपर्यंत काड्या पसरलेल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दोन्ही पुरुषांनी वर पाहिलं नाही.

ती दारातच उभी राहिली. लुगड्याचा काठ ओला होता, त्याला वाळू चिकटली होती. ती ओरडली नाही, म्हणून रूपरावने मान वर केली.

"मी समुद्र पाहाले आली," ती म्हणाली. "तुमच्या संगं पाहाले आली. एकटं तं मले पिपरीतबी राहाच लागते. आतापावतर तुमी एक होते, आता बाबालेबी लावलं."

महादेवराव उठले, भिंतीचा आधार घेत काड्यांमधून वाट काढत बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. रूपराव मात्र तसाच बसून राहिला. त्याला सांगायचं होतं की हे आता अर्ध्यावर सोडता येत नाही, की अठ्ठावीस तारीख आहे. पण नलू आईच्या मागे उभी होती आणि त्याच्याकडे पाहतच नव्हती. त्याच्याकडून काही मागायचं तिने सोडून दिलं होतं, हे त्याला त्या क्षणी दिसलं. त्याने चिमटा खाली ठेवला आणि चला म्हणाला.

तिघं पाण्यात गेले. रूपरावने एका हाताने नलूला धरलं, दुसऱ्याने कोकिळेला. पहिल्या दोन लाटा घोट्यापर्यंत आल्या. त्याचं मन अजून फरशीवर होतं. काड्या कोणी तुडवल्या तर, वाऱ्याने उडाल्या तर. तिसरी लाट त्याने पाहिलीच नाही. ती छातीवर आली, तो उताणा पडला, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि पायाखालची वाळू सरकली. नलूने त्याचा शर्ट धरून ठेवला होता. तो खोकत उठला तेव्हा चेहऱ्यावर चष्मा नव्हता.

तिघांनी वाळू चाचपली, नलूने परतणाऱ्या प्रत्येक लाटेमागे धावून पाहिलं. पाण्याने काही परत दिलं नाही. चष्म्याशिवाय रूपरावला हातभरापलीकडचं माणूस ओळखू येत नसे, आणि आगपेटीची काडी तर डोळ्यांना लावली तरी धूसर. पुरीत चष्मा बनवून मिळायला आठवडा लागेल असं दुकानदाराने सांगितलं. त्यांचे दोनच दिवस उरले होते.

ते दोन दिवस रूपरावने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. कोकिळेने सगळ्या काड्या गोळा करून कापसात भरल्या आणि पेटीला दोरी बांधली. त्याच्या हातांना काही काम नव्हतं. बोटं आपोआप वाळू चिवडायची, गवताच्या काडीची घडी घालायची, सदऱ्याचं बटण पिळायची. एक बटण त्याने तोडूनच काढलं. नलू हात धरून त्याला किनाऱ्याने फिरवायची. तिकडे काय दिसतंय, असं तो सारखा विचारायचा. आधी ती एका शब्दात सांगायची, मग हळूहळू मोठं सांगायला लागली. होड्या कशा आत शिरतात, लाट फुटायच्या आधी हिरवी कशी होते, तिचे आबाजी, म्हणजे महादेवराव, कुठल्या होडीपाशी बसलेत आणि त्यांना कोणी विडी दिली आहे. एका सकाळी कोकिळा त्याच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, आता काही दिसत नाही तर निदान बसून तरी आहात. तो हसला, पण पाय हलवायचा थांबला नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

वर्ध्याला परतल्यावर नवा चष्मा यायला आठ दिवस लागले. प्रदर्शन होऊन गेलं. पेटी खाटेखाली गेली. कोकिळेला वाटलं होतं, आता हा महिना-दोन महिने तरी मोकळा राहील. चष्मा आल्यावर तिसऱ्याच दिवशी तो अंगणात येरझारा घालायला लागला, आणि चौथ्या दिवशी ड्युटीवरून परस्पर अल्लीपूरच्या बसमध्ये बसला.

महादेवराव गोठ्याच्या सावलीत बसले होते. रूपरावने फार प्रस्तावना केली नाही. सागाच्या पातळ फळ्या किती जाडीच्या घ्याव्या लागतील, असं विचारलं. कशाच्या, असं महादेवरावांनी विचारलं नाही. ते आत गेले आणि पाच-सहा वर्षं माळ्यावर पडलेली हत्यारांची गोणपाटाची पिशवी घेऊन आले. पटाशीला गंज चढला होता. ती त्यांनी तिथेच दगडावर घासायला घेतली.

पुरीच्या कोळ्यांसारखी, बिनखिळ्याची शिवलेली छोटी होडी करायला म्हातारा पावसाळाभर पिपरीला राहिला. खिडकीतलं टेबल खोलीच्या मधोमध आलं, कारण आता दोन्ही बाजूंनी बसायला जागा लागत होती. भांडणं रोज होत. रूपरावला सगळं आजच हवं असायचं. महादेवराव एक फळी दोन दिवस घासायचे. रविवारी टेबलाला हात लावायचा नाही, ही कोकिळेची अट होती, आणि पहिल्या रविवारी रूपरावने ती मोडली तेव्हा तिने टेबलावर तांदूळ निवडायला पसरले. त्यानंतर रविवारी तिघं आणि म्हातारा सेवाग्रामकडे, पवनारला, कुठेतरी जाऊ लागले. रूपराव तिथेही चुळबुळ करायचा, पण जायचा.

शिवणीला सुरुवात झाली त्या दिवशी नलू शाळेतून आली तर होडीच्या दोन फळ्या आबाजींच्या मांडीवर टेकलेल्या होत्या. बाबांच्या हातात मेण ओढलेल्या दोऱ्याचं एक टोक होतं.

"ताणून धर," महादेवराव म्हणाले. "हालू नको."

रूपरावने दोरा बोटाभोवती गुंडाळून ताणला. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. हात मात्र त्याने शिवण पुरी होईपर्यंत हलवला नाही.