पान थांबत नाही

बाबांनी माऊस टेबलावर उलटा टाकला आणि खुर्ची मागे रेटली.

"झालं?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं कसलं. परत ओढून नेलं."

ती हात पुसत बाहेर आली. लॅपटॉपच्या पडद्यावर पान अजून खाली सरकत होतं, संथ, ऐटीत. हे सरकणं तिचंच होतं. उपचार केंद्राच्या रुग्णांना घरी व्यायाम करता यावेत म्हणून तिच्या कंपनीने ही वेबसाइट केली होती. एका व्यायामाची वेळ संपली की पान आपोआप पुढच्या व्यायामावर जाई. ते इतकं अलगद जावं यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. पुढे बाबांनाच अर्धांगवायूचा झटका येईल आणि तेच पान त्यांच्यापुढे येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी होतं?

"तुम्ही मध्ये हात लावता, बाबा. लावू नका. ते आपोआप जातं."

"ते जातं. मी कुठे जातो?"

तिचा पारा चढला. केंद्रातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगत, हातात काही फरक नाही, व्यायाम होत नाहीयेत. भाऊ फोनवर विचारी, तू लक्ष देतेस ना? आणि बाबांचं आपलं एकच, तुझ्या पानाच्या अंगात येतं.

"करून दाखवा बघू," ती म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

बाबांनी डाव्या हाताने माऊस सरळ केला. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, असा व्यायाम होता. तर्जनी जमली. अंगठा मधल्या बोटाशी पोचेपर्यंत वेळ संपली आणि पान निघालं. बाबांनी माऊसचं चाक उलटं फिरवलं. पान जरा वर आलं, थबकलं, झटक्यात खाली गेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. एकच दार दोघांनी दोन बाजूंनी ढकलावं तसा पडदा थरथरत राहिला.

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. "आमच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असायचा," ते म्हणाले. "पण शिकणाऱ्याने स्वतः गाडी थांबवली, तर मी काय ती पुढे रेटायचो?"

तिने डिझायनरला फोन लावला. हात लागला की सरकणं थांबायला हवं, असं सांगितलं.

"अगं, केंद्रवाल्यांना तेच तर आवडलंय. आणि मध्ये हात लावतं कोण?"

"माझे वडील लावतात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पान हललं की सरकणं थांबव, असं तिने कोडमध्ये लिहिलं. पान जागचं हलेचना. स्वतःच्याच हलण्याला ते माणसाचा हात समजत होतं आणि निघता निघता स्वतःलाच अडवत होतं. तिने कपाळाला हात लावला. मग सगळं पुसून नव्याने लिहिलं. पानाकडे बघायचंच नाही, माणसाकडे बघायचं. चाक फिरलं, पडद्याला बोट लागलं, बाणाची कळ दाबली, की सरकणं तिथल्या तिथे सोडून द्यायचं. तिने तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. चोख.

"या, बाबा."

बाबा आले. वेळ संपली, पान निघालं. त्यांनी चाकाला हातच लावला नाही. माऊसने पडद्याच्या कडेची, पान वरखाली करायची पट्टी पकडली आणि वर ओढली. पान हिसका देऊन खाली गेलं.

"चाक फिरवायचं होतं ना!"

"चाकाने बोट दुखतं माझं. मघाशी फक्त तुला दाखवायला फिरवलं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"विचारलंस कुठे?"

तिने पुन्हा लॅपटॉप पुढे ओढला. पट्टीचंही लिहिलं. मागे बाबा खिडकीशी येरझाऱ्या घालत होते. एक पाय फरशीवर घासत असल्याचा आवाज येत होता.

या वेळी पान निघालं, बाबांनी पट्टी धरली, आणि पान थांबलं. त्यांनी ते वर नेलं आणि हात सोडला. पान तिथेच राहिलं. बाबा क्षणभर त्याच्याकडे संशयाने पाहत राहिले. मग उजवा हात टेबलावर ठेवून सुरुवात केली.

तर्जनी. बऱ्याच वेळाने मधलं बोट. अनामिकेकडे वळताना अंगठा अर्ध्यावर अडला. बाबांच्या कपाळावर घाम आला. ती बघत राहिली, मग तिला बघवेना.

"राहू दे, बाबा. पुढचा सोपा आहे, नुसता तळवा उघडायचा..." बोलता बोलता तिचा हात माऊसकडे गेला.

"पान थांबलंय," बाबा म्हणाले. बोटांवरची नजर त्यांनी उचलली नाही.

तिने हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. अंगठा अनामिकेच्या जवळ गेला, थरथरला, माघारी फिरला. बाबांनी पुन्हा तर्जनीपासून सुरुवात केली.