रविवारचं दळण

मला रविवार हवा होता. आठवड्यातून एक. कशासाठी, तर झोपायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या आजारपणाची नाहीतर पोरीच्या परीक्षेची वाट बघत बसायला नको. पोरगी लग्न होऊन उंबरगावला गेली. नवरा नाही. झरीच्या घरात मी आणि माझी बहीण रूपी, दोघीच. मला कुठे जायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. अंग जमिनीला टाकून पडायचं होतं.

मी घोलवडला कामाला. चिकूच्या वाडीत एक जुना बंगला आहे, तो हार्दिकशेठनं भाड्यानं घेऊन त्यात मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. हार्दिक मूळचा धाकट्या डहाणूचा, बोटवाल्यांच्या घरातला. बाप गेला तशी त्यानं बोट विकली आणि पाहुणे पकडायला लागला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला अगंतुगं करतो. मी त्याला शेठ म्हणते. असंच आहे ते.

पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येत आणि रविवारी जेवून जात. म्हणजे रविवारचा नाश्ता सगळ्यात मोठा. मी साडेचारला उठायची, दोन गाड्या बदलून साडेसहाला गॅस पेटवायची. सोमवारी पाहुणे नसत, तर चादरी असत. तीन वर्षं असंच चाललं.

सुट्टी मिळायचीच नाही असं नाही. कारण द्यावं लागे, आणि कारण मेलेलं असावं लागे. बागकाम करणाऱ्या मिथुनची एकच मावशी तीनदा मेली. तिसऱ्या वेळी हार्दिकशेठ म्हणाला, “अरे, हिचं बारावं किती वेळा घालणार तू?”

मिथुन मान खाली घालून म्हणाला, “शेठ, ही धाकटी.”

सगळे हसले आणि मिथुनला सुट्टी मिळाली. मला तसं करायचं नव्हतं. माझ्या घरात खरे मेलेले पुष्कळ आहेत, त्यांना सुट्टीसाठी पुन्हा कशाला मारू? सतरा सालच्या दिवाळीनंतर मी सरळ विचारलं, “शेठ, मला रविवार पाहिजे.”

“काय काम आहे?”

“काम नाही. झोपणार.”

“झोपायला सुट्टी? मग रात्री काय करतेस?”

त्याची आई, देवकीआई, ओट्यावर बसून सोडे निवडत होती. तिनं सगळा जन्म डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली. ती म्हणाली, “आम्ही नाय कधी रविवार बघितला. दर्या सुट्टी देतो काय?”

“पावसाळ्यात दोन महिने देतो की, आई. बोटी वर ओढून ठेवता ना तुम्ही?”

आई पदरात हसली. “हिच्या तोंडी लागू नको रे, हार्दिक.”

हार्दिकशेठ नाही हा शब्द कधी वापरत नाही. तो अट घालतो. म्हणाला, “नाश्ता भाविनी करेल. पण कॉफीचं काय? ती तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला जमत नाही. कॉफीचं काहीतरी सोपं करू, मग घे रविवार. बस?”

भाविनी त्याची बायको. तिनं मान डोलावली. मी ते वचन धरलं.

कॉफीचं खरं दुखणं मिक्सरमध्ये होतं. शेठ बाहेरून भाजलेल्या बिया मागवायचा आणि आम्ही त्या चटणीच्या भांड्यात फिरवायचो. निम्म्याचा भुगा व्हायचा, निम्मे तुकडे राहायचे, भांडं तापायचं. मग काचेच्या भांड्यात घालून वरून गरम पाणी, चार मिनिटं, आणि दांडा खाली दाबायचा. भुगा दांड्याच्या जाळीतून वर यायचा आणि कडू लागायचा. तुकड्यांतून काही उतरायचंच नाही. एकाच कपात कडूही आणि पाणचटही. पाहुणे तोंडावर छान म्हणायचे आणि कप अर्धा ठेवायचे. धुणारी मी, मला दिसायचं.

मी म्हटलं, “शेठ, पातं कापतं. ह्याला दळायला पाहिजे. जात्यासारखं दोन दगडांतून गेलं की सगळं एकसारखं पडेल. आणि सावकाश फिरायला पाहिजे. घाई केली की पीठ तापतं, वास जातो.”

तो हसला. “आता कॉफीला जातं आणू? मग ओव्या पण म्हण.”

पंधरा दिवसांनी पुण्याचा एक पाहुणा आला, केस मागे बांधलेला. त्यानं स्वयंपाकघरात डोकावून हेच सांगितलं, इंग्रजीत. पातं नको, दातेरी चकत्यांचं ग्राइंडर घ्या. हार्दिकशेठनं वहीत लिहून घेतलं. मी त्याच ओट्यावर कांदा चिरत होते. माझ्या आजीनं जे नागली दळताना सांगितलं, ते इंग्रजीतून आल्यावर खरं झालं.

मग महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ. चकत्या पोलादी की चिनी मातीच्या, सपाट की शंकूसारख्या. शेवटी दोन उरले. एक विजेचं, बटण दाबलं की झालं. दुसरं हातानं फिरवायचं, नळकांड्याएवढं, वर दांडा. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “विजेचं घ्या. वहिनीलाही जमेल.”

“लाइट गेली तर?”

“लाइट गेली तर तुमची पाण्याची मोटर पण बंद असते, शेठ. तेव्हा कोण आंघोळ करतं?”

त्यानं हाताचं मागवलं. कारण खरं ते नव्हतं. कारण असं की पाहुणे फोटो काढतात.

नव्या जात्याची पहिली मूठ आमच्यात तांदळाची असते. दगडाला टाकी मारलेली असते, त्याची कच तांदळाबरोबर निघून जाते, ते पीठ टाकून द्यायचं. मी हाताच्या ग्राइंडरलाही तेच केलं. जड गेलं, पण फिरलं. हळद-कुंकू देवकीआईनं लावलं.

आणि मग मला ते जमलं, हेच वाईट झालं. खाली एक चाक होतं, फिरवलं की टक टक वाजे. प्रत्येक टकीला चकत्या केसभर लांब-जवळ होत. पहिल्या दिवशी पीठ मैद्यासारखं पडलं, काचेच्या भांड्याचा दांडा खाली जाईना. चार टकी सैल केलं तर कॉफी आंबट पाणी. मधे आणलं. चिमटीत घेऊन चोळलं की जाड रव्यासारखं लागलं पाहिजे, हे मला दोन दिवसांत कळलं. खाडीकडून दमट वारा सुटला की बिया मऊ पडतात, पीठ चिकटतं, तेव्हा एक टक सैल करायची. हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं. आवाजानंही कळे. बी बरोबर धरली गेली की कुरकुर येते. सैल असलं की नुसता खुळखुळाट.

पाहुण्यांचे कप रिकामे यायला लागले. “संगिताताईंच्या हातची कॉफी” असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं. लोक स्वयंपाकघरात येऊन माझ्या मनगटाचे फोटो काढायचे. एका भरणीत तीन कप, बारा माणसं, दोन-दोन वेळा. म्हणजे आठ भरण्या, एकेका भरणीला तीन मिनिटं दांडा. मनगट सुजलं. मी फडकं बांधलं तर एक बाई म्हणाली, “हाऊ ऑथेंटिक!” अर्थ मी भाविनीला विचारला. ती म्हणाली, “अस्सल.” सूजही अस्सल होती.

मी परत रविवार काढला. हार्दिकशेठ म्हणाला, “अगं आता? आता तर तुझ्याच नावावर लोक येतात.”

मी जेवढी चांगली दळणार तेवढा माझा रविवार लांब जाणार, हा हिशेब मला तेव्हा कळला. वाईट दळावी असंही मनात आलं. जमलं नाही. हातच वळेना. त्याचाही मला राग आला, माझाच.

अठरा सालच्या मेमध्ये एकदम वीस माणसं आली आणि तीन भरण्यांनंतर माझ्या हातातून दांडा सुटला. नळकांडं फरशीवर, बिया पायाखाली. त्या दिवशी भाविनीनं नवऱ्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, आठ दिवसांत विजेचं ग्राइंडर आलं. गुरुवार होता. शेठ डहाणूला गेला होता.

“घे तुझा रविवार,” भाविनी म्हणाली. ती खरंच खूश दिसत होती.

देवकीआईनं कुंकू लावलं. मी डब्यातून मूठभर कोरे तांदूळ घेतले आणि वरच्या कपात ओतून बटण दाबलं. आधी कडाकडा आवाज झाला. मग घुं असा. मग नुसता वास, जळक्या तारेचा. मी बटण बंद केलं. पुन्हा दाबलं. काही हललं नाही.

तिघी बघत उभ्या राहिलो. हातानं फिरवताना जड लागलं की हात थांबतो. मोटरला तेवढी अक्कल नसते, आणि कोरा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी टणक. हे मला कळायला पाहिजे होतं. दोन्ही दळलेत मी.

देवकीआई म्हणाली, “कंपनीचा पीसच खराब, असं सांग त्याला. मी पण सांगते.”

“नाही आई. मी बिघडवलं.”

“मग जन्मभर दळ,” ती म्हणाली. रागानं नाही, थकून.

हार्दिकशेठला मी स्वतः सांगितलं. तो ओरडला नाही. हातानं कपाळ चोळत म्हणाला, “बघ आता. मी तर देत होतो तुला रविवार.”

हे वाक्य घेऊन मी दोन गाड्या बदलून घरी आले. रूपी जेवायला वाढत होती, मी भिंतीला टेकून तशीच बसले. स्वतःच्या हातानं केलं होतं, भांडायला समोर कोणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भांडी झाल्यावर मी मिथुनचा पेचकस मागून घेतला. वरचा कप फिरवून काढला. आत चकती, तिचे दोन स्क्रू. चकती उचलली तर खाली तांदूळ दाबून बसले होते, पांढरे, दातांत कण अडकावेत तसे. बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि एकेक कण उकरला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं सगळं झाडलं. पाणी लावलं नाही, पोलाद आहे, गंजलं असतं. मिथुन शेजारी बसून म्हणाला, “चालू झालं तर मावशीला जिवंत करतो.”

बटण दाबलं. चालू झालं.

“कर जिवंत,” मी म्हटलं. “तिलाही काम आहे पुढच्या महिन्यात.”

त्या संध्याकाळी मी भाविनीला शिकवलं. वरच्या कपाच्या कडेला आकडे होते. काचेच्या भांड्यासाठी अठ्ठावीस. दमट असेल तर तीस. बारीक करायचं असेल तर मोटर चालू ठेवून कप फिरवायचा, नाहीतर चकत्यांत अडकतं. भाविनीनं दोन चिमट्या चोळल्या, तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली, “अजून जाड पाहिजे, नाही का?” बरोबर होतं. तिनं केलेली आणि मी केलेली कॉफी आम्ही एकसारख्या कपांत शेठसमोर ठेवली. तो दोन्ही प्यायला. भाविनीचीच माझी म्हणून उचलली.

भाविनी म्हणाली, “झालं मग. रविवारी मी करते.”

हार्दिकशेठनं कप खाली ठेवला. “चव ठीक आहे गं. पण लोकांना संगिता दळताना बघायची असते. सकाळी सकाळी मशीनचा घरघराट कोणाला पाहिजे? पावसाळा जाऊ दे. दिवाळीनंतर बघू.”

“मी करते म्हटलं ना,” भाविनी म्हणाली.

“तू गप.”

मी कप धुवायला घेतले. रडूबिडू आलं नाही. उलट एक ओझं उतरलं. दोन दिवस मला वाटत होतं की मुठीतल्या तांदळांनी माझा रविवार खाल्ला. तांदळांनी काही खाल्लं नव्हतं. मशीन नव्हतं तेव्हा मशीन नाही म्हणून, बिघडलं तेव्हा बिघडलं म्हणून, आता चालतंय तर चालतंय म्हणून. तो द्यायचाच नव्हता.

शनिवारी निघताना मी सांगितलं, “शेठ, उद्या मी येणार नाही.”

“कोण गेलं?”

“कोणी नाही. सगळे आहेत.”

“मग सोमवारी पण नको येऊस,” तो म्हणाला. त्याच्या मागे देवकीआई उभी होती.

गाडीत बसल्यावर भीती वाटायला लागली. मी काही शूर नाही. काम गेलं तर वाडीत चिकू वेचायला जावं लागलं असतं, आणि ह्या मनगटानं ते किती दिवस झालं असतं?

रविवारी साडेचारला डोळे उघडले. सवय. उठले नाही. पडून राहिले. पाठ दुखत होती, पडल्यावर जास्तच दुखते. सहा वाजले, सात वाजले. साडेआठला फोन वाजला.

“संगिता, पावडर सगळी भांड्याला चिकटते.” हार्दिकशेठ. मागे पाहुण्यांचा गलका. “भाविनी पुऱ्या तळतेय, मी करतोय.”

“कोरडी आहे म्हणून चिकटते, नायलॉनच्या साडीसारखी. दळायच्या आधी बियांना दोन थेंब पाणी लावा. चमच्यानं हलवा.”

“आकडा?”

“अठ्ठावीस.”

घरघर ऐकू आली. मी फोन धरून राहिले.

“हां. सुटली.” मग म्हणाला, “गाडी पाठवू का? तासाभरासाठी ये.”

“नाही.”

“बरं, उद्या?”

काल काय म्हणाला होता ते त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

“उद्या येते.”

“आणि पुढच्या रविवारी?”

“नाही.”

“बघू,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रूपी दारात तांदूळ पाखडत होती. “काय म्हणतो?”

“बघू म्हणतो.”

“म्हणजे दिला की नाही?”

“नाही. मी घेतला. पुढच्या शनिवारी परत सांगावं लागणार. त्याच्या पुढच्या शनिवारी पण.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

रूपीनं सूप खाली ठेवलं आणि दार ओढून घेतलं, ऊन माझ्या तोंडावर येत होतं म्हणून. मी कूस बदलली. झोप अजून आली नव्हती.