कापसापेक्षा मी बरी

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. जुनी म्हटलं की तुम्हाला लगेच मोडकी वाटते, म्हणून आधीच सांगते, माझे चारही पाय बाभळीचे आहेत आणि चार पाहुणे एकदम बसले तरी मी कुरकुरत नाही. महागावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर धरमसिंगने मला स्वतःच्या हातांनी बनवलं. दोरी विणताना तो गाणं म्हणत होता, त्यामुळे माझी वीण जरा ऐटदार आहे.

माझ्यावर पापड वाळले, मिरच्या वाळल्या, पाहुण्यांनी चहाही सांडला. धरमसिंगची नात दीपा जन्मली, तेव्हा तिला कोवळ्या उन्हात माझ्यावरच निजवायचे. पुढे ती पहिल्यांदा उभी राहिली, तेही माझा पाय धरून. ही पोरगी आपलीच, असं मी धरून चालले होते.

पण दिवाळीच्या सुमारास घरात कापूस येऊ लागला की माझी उचलबांगडी व्हायची. भाव चढेपर्यंत कापूस पुढच्या खोलीत रचून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. मला अंगणात भिंतीला टेकवून उभं करायचे. दीपा त्या ढिगात उड्या मारायची आणि रात्री त्यावरच झोपायची. "बाजेची दोरी टोचते," असं ती म्हणाली, तेही मी ऐकलं. मला फार राग आला.

दीपाला कबड्डीचं वेड. पावसाळ्यात तिची चढाई पाहायला सगळा तांडा जमायचा. पण शाळेचे सामने असायचे हिवाळ्यात, आणि तेव्हा नेमकं तिचं शिंकणं, खोकणं आणि छातीत शिट्टीसारखं वाजणं सुरू व्हायचं. दोनदा 'कबड्डी' म्हणेपर्यंत श्वास संपायचा. घरच्यांनी खाण्याला दोष दिला. आजी धुरपताबाईंनी आधी दही बंद केलं, मग पेरू, मग सीताफळ. बिचारी दीपा कोरडी भाकर खाऊन त्याच ढिगावर झोपायची. शेजारी चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, धूर होता, वडिलांची, म्हणजे संजयची, बिडी होती. सीताफळाने कोणाचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे!

गेल्या हिवाळ्यात सामन्याच्या सकाळीच दीपाचा श्वास कोंडला. आई बबिताने घाईने मला अंगणात आडवं टाकलं आणि तिला माझ्यावर बसवलं. दोन्ही हात माझ्या चौकटीवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. तिला बोलता येईना. मी घाबरले, मित्रांनो. माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. संजयने तिला फटफटीवर बसवलं, मागून बबिताने धरलं आणि ते दवाखान्यात गेले.

संध्याकाळी दीपा हसत परत आली. संजय येऊन माझ्यावर बसला.

"काय म्हने डॉक्टरीन?" धुरपताबाईंनी विचारलं.

"पोरगी कुठं झोपते, असं इचारलं. मी मोठ्या कौतुकानं सांगतलं, कापसावर. तिनं डोक्यालेच हात लावला."

"काहून रे? कापूस काय जहर हाय?"

"तसं नाई, याडी," संजय आईला म्हणाला. "कोनाकोनाची छाती जल्मापासूनच नाजूक असते. तिले कापसाची धूळ, चुलीचा धूर सोसत नाई. घरात कोनाले दमा होता का, हेबी इचारलं."

"माह्या भावाले होता," धुरपताबाई हळूच म्हणाल्या. मग संजयच्या हातातला, श्वासाबरोबर दवाई ओढायचा पंप पाहून एकदम, "पन तो पंप नको. त्याची सवय लागते म्हन्तेत."

"नाई लागत. दवाई सरळ छातीत जाते, म्हनून थोडीच पुरते."

"अन् बिडी?" बबिताने विचारलं.

"तेबी सांगतलं," म्हणत संजयने तोंड दुसरीकडे फिरवलं.

यंदा कापूस गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत गेला. चूल अंगणातल्या छपरीत आली. बिडी सुटली असं म्हणवत नाही, पण ती उंबरठा ओलांडत नाही. दीपाचं अंथरूण रोज माझ्यावर उन्हात पडतं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती पंप घेते. दह्याची बंदी मात्र धुरपताबाईंनी सर्वांत शेवटी उठवली, तेही वाटी स्वतः पुढे करून.

आज आमच्या शाळेच्या मैदानावर सामना होता. धुरपताबाईंना खाली बसवत नाही, म्हणून मला उचलून तिथे नेलं. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता! बरोबरी झाली होती आणि शेवटची चढाई दीपाची. तिकडच्या दोघींनी तिचा पाय धरला. ती पडली, सरपटू लागली, पण 'कबड्डी-कबड्डी' थांबलं नाही. मी छातीतल्या शिट्टीची धास्ती घेऊन ऐकत होते. ती वाजलीच नाही. दीपाचा हात मधल्या रेषेला लागला, तरी तिचं 'कबड्डी' चालूच होतं! धुरपताबाई माझ्यावरच अशा उसळल्या की माझी एक दोरी तुटली. मी अजिबात कुरकुरले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या छातीत अशी शिट्टी वाजत असेल, तर मोठ्यांना सांगा, ताटातला घास काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि मूल कुठे झोपतं, तिथे धूळ आणि धूर किती, तेही बघा. आणि माझी तुटलेली दोरी आजच बांधा हो कोणीतरी. रात्री दीपाला माझ्यावर झोपायचं आहे.