बहिणीत फुलं ठेवली त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. कोपऱ्याला चीर गेली आहे आणि पोटात लोकांच्या ओल्या छत्र्या उभ्या असतात. पण एके काळी मी सरांच्या प्रयोगशाळेत होते.

समुद्रातल्या ज्या जिवांना नांगी नाही, कवच नाही, ते बिचारे अंगात कडू रस तयार करून जीव वाचवतात. तो रस किती विषारी, हे माझ्यात ठरायचं. माझ्या पाण्यात मासे आणि रसाचे थेंब. शेजारी माझ्या जुळ्या बहिणीत तसेच मासे, पण नुसतं समुद्राचं पाणी. तिच्यातलेही मासे मेले, तर दोष रसाचा नाही, हे उघड. मान मला मिळायचा, पण खरं ती बोलायची.

एकदा पाणबुड्याने बिनकवचाची निळी गोगलगाय आणली. "जपा हं सर, फार गरीब आहे ती," तो म्हणाला. नेमके त्याच दिवशी बडे पाहुणे यायचे होते. मी चकाकावी म्हणून सरांनी मला साबणाने घासून घेतलं. आम्हाला साबण कधीच लावत नाहीत. तो काचेला धरून राहतो. आणि बहिणीत? माशांऐवजी शोभेला फुलं ठेवली!

पाहुण्यांसमोर थेंब पडले आणि मासे तडफडून उलटे झाले. साबणाने मेले ते. मला कळत होतं, पण काचेला तोंड कुठे असतं?

"गोगलगाय अन् पोटात पाय!" पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. सरांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग पोहणाऱ्यांना धोका नको म्हणून किनाऱ्यावरच्या साऱ्या गोगलगायी खरवडून चुन्यात टाकायचा हुकूम सुटला. खरवडायला पाणबुड्यालाच पाठवलं.

पुढे माझ्यावरचा साबण पुरता धुऊन गेल्यावर सरांनी उरलेला रस पुन्हा तपासला, या वेळी बहिणीला शेजारी घेऊन. दोघींतले मासे मजेत पोहत राहिले. रस कडू होता, इतकंच.

पाणबुड्या दारातून बघत होता. "म्हणजे सर, तिचा काही गुन्हाच नव्हता?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सर हळूच म्हणाले. "आता बोलून काय उपयोग? एक तरी उरलीय का?"

"कशी उरेल? मीच तर वेचल्या."

त्यानंतर तो समुद्रात उतरला नाही. सरांना बढती मिळाली, मला व्हरांडा.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. तेच तर नडलं. पण कुणाला विषारी ठरवाल, तेव्हा शेजारी साध्या पाण्याची एक टाकी ठेवा. आणि कृपा करून तिच्यात फुलं ठेवू नका.