नवव्या मिनिटाची ओळ

पोटासाठी मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी चोरांच्या पाट्या नव्याने रंगवतो. ही व्याख्या आमच्या हिची. ती चुकीची आहे असं मी अजून सिद्ध करू शकलेलो नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी, घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे त्या काळात, गेमच्या डिस्कला कंपनीने घातलेलं कुलूप फोडून पोरं ती डिस्क गावभर वाटायची. वर गेम सुरू व्हायच्या आधी आपल्या टोळीची जाहिरात डकवायची. मोठ्ठं नाव, वरखाली डोलणारे रंगीत पट्टे, किणकिणणारी चाल आणि तळाशी उजवीकडून डावीकडे सरकणारी ओळ. ओळीत दोस्तांना सलाम, दुश्मनांना शिव्या. याला इन्ट्रो म्हणत. मूळ डिस्का आता बुरशीने खाल्ल्या. मी जुन्या रेकॉर्डिंगवरून एकेक चित्र थांबवून बघतो आणि तीच इन्ट्रो त्याच जातीच्या मशीनवर पहिल्यापासून लिहून काढतो. आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा एकच नियम आहे, मुळातलं अक्षर बदलायचं नाही. चुकीचं लिहिलेलं असेल तर चूकसुद्धा तशीच ठेवायची.

महिन्यापूर्वी कॅप्टनचा फोन आला. आमची टोळी तिघांची होती. कॅप्टन कुलपं फोडायचा, बाटली चित्रं काढायचा, मी चाली बसवायचो. बाटलीचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड म्हणून तो बाटली, आणि मी कुठेही डोळे मिटायचो म्हणून डुलकी. इन्ट्रोत आम्ही याच नावांनी मिरवायचो.

"वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या मशीनचं प्रदर्शन भरवतोय," कॅप्टन म्हणाला. "आपल्या शेवटच्या इन्ट्रोची व्हिडिओ कॅसेट सापडली. तू ती नव्याने बनव. शेजारी टीव्हीवर मूळ रेकॉर्डिंग लावू, लोकांना जोडी जुळवता येईल. बाटलीलाही बोलावलंय."

"तो येतो म्हणाला?"

"तू असशील तर येतो म्हणाला. ओळीत काय लिहिलं होतं रे मी? मला तर काही आठवत नाही."

मला आठवत होतं.

ती ओळ पूर्ण फिरायला नऊ मिनिटं लागतात. शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, पण शेवटी लिहिलंय, 'आम्हाला विकणाऱ्या बाटलीच्या तोंडावर थुंका.' झालं असं होतं की विजेच्या सामानाबरोबर गेम विकणाऱ्या दुकानदाराला कोणीतरी आमच्या डिस्का कुठे आहेत ते सांगितलं. तो पोलिसाला घेऊन कॅप्टनच्या घरी आला आणि मशीनसकट सगळं उचलून घेऊन गेला. त्या दुपारी बाटली त्या दुकानातून बाहेर पडताना दिसला होता. तो टेबलावरच्या दिव्यासाठी बल्ब आणायला गेला होता, पण ऐकतो कोण. कॅप्टनने मामेभावाच्या मशीनवर बसून ही शेवटची इन्ट्रो लिहिली, डिस्का वाटल्या, आणि आठवड्याभरात बाटलीशी कोणी बोलेना. शेवटी त्याने शाळा बदलली.

सांगणारा मी होतो. दुकानात जॉयस्टिक शर्टाखाली घालताना दुकानदाराने मला धरलं. "बापाला बोलावू, की डिस्का कोण बनवतो ते सांगतोस?" म्हणाला. माझी पाचावर धारण बसली. पोपटासारखा बोललो. आणि नंतर बाटलीवर आळ आला तेव्हा मूग गिळून बसलो.

बाटलीशी बोलणं न टाकणारा तेवढा मी एकटा. आजही दर रविवारी तो येतो. चित्रकलेचा मास्तर झालाय, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानेच काढली. हिला एकदा म्हणाला, "वहिनी, तेव्हा सगळ्या जगाने पाठ फिरवली, हा एकटा फिरला नाही." ही कौतुकाने माझ्याकडे बघत होती आणि मी पंख्याकडे.

महिनाभर मी ती इन्ट्रो लिहीत होतो. पट्टे बसले, चाल बसली. ओळ मात्र आठव्या मिनिटापर्यंत टाइप करायचो आणि उठून बाल्कनीत जायचो. गाळली तरी उपयोग नव्हता, शेजारच्या टीव्हीवर ती येणारच. कॅप्टनला म्हटलं, कॅसेट शेवटी खराब दिसते, कापू या का? तो म्हणाला, चकचकीत आहे, काळजी करू नकोस. कामावर एका लिफ्टचं दार उलटं बसवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"अहो, घास तोंडापाशी नेऊन परत ठेवताय, तिसऱ्यांदा," ही म्हणाली. "डॉक्टरकडे जायचंय की त्या मशीनला घटस्फोट द्यायचाय?"

"काही नाही गं, पट्टे थरथरतायत."

"पट्टे नाही, तुम्ही थरथरताय."

शनिवारी दुपारी शेवटी मी शेवटची ओळ लिहिली. बाटलीच्या जागी माझं नाव, डुलकी, लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मुळातलं अक्षर बदललं. खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं. वाटलं, सुटलो. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती, मशीन बोलेल.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसं होती. माझं मशीन आणि कॅप्टनचा टीव्ही शेजारी शेजारी. बाटली माझ्या बाजूला उभा होता, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा आता आणखी जाड. दोन्ही पडदे एकदम सुरू झाले. लोक रंगांना वा वा करत होते, माझ्या चालीवर एका म्हातारबुवांनी मान डोलावली. मी घड्याळ बघत होतो. सहावं मिनिट. सातवं. शर्ट पाठीला चिकटला. अर्धे लोक पुढच्या टेबलाकडे गेले, पण बाटली हलेना. तो ओळ वाचत होता, ओठ हलवत, अक्षर न अक्षर.

आणि ती आली. टीव्हीवर बाटली, मशीनवर डुलकी.

कॅप्टनला आधी दिसलं. "अरे, हे वेगळं आहे की," तो म्हणाला, मग टीव्हीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे मी लिहिलं होतं? बाटल्या, माफ कर रे. पोरं होतो आपण." मग माझ्याकडे वळून, घोगऱ्या आवाजात, "आणि हा बघ. याने तुझं नाव काढून स्वतःचं घातलं. दोस्तासाठी थुंकी आपल्या अंगावर घेतली याने."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाटलीने चष्मा काढून पुसला. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि जवळ ओढलं. "वेडा आहेस," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं झाली. काय गरज होती?"

मी कसला सुटतोय. नुसतं हसलो असतो तर विषय संपला असता, आणि मी जन्माचा थोर ठरलो असतो. देवाशपथ सांगतो, हसायला तोंड उघडलंही होतं. पण त्याचा हात खांद्यावर होता, आणि त्या हाताखाली मला श्वास घेता येईना.

"बाटली," मी म्हणालो, "ते मी तुझ्यासाठी नाही लिहिलं. सांगणारा मीच होतो."

त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, जॉयस्टिकपासून सगळं, हळू आवाजात. कॅप्टन कधी बाजूला सरकला ते मला कळलं नाही. बाटलीने हात लगेच काढला नाही. काढला तेव्हा अगदी सावकाश काढला, कोणाला लागू नये तसा.

"शाळा सोडली त्या दिवशी मी तुझ्या घरी आलो होतो," तो म्हणाला. "बाथरूमचं दार लावून रडलो. तू बाहेर टॉवेल घेऊन उभा होतास. मला म्हणालास, कोणी काहीही म्हणू दे, माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

त्याने मान हलवली. मग आजूबाजूला, खुर्चीखाली, टेबलामागे आपली पिशवी शोधायला लागला. ती त्याच्या खांद्यालाच होती. मी ते सांगितलं नाही, आणि तो शोधत शोधतच दारापर्यंत गेला.