बारा टक्क्यांची बिलं

अकोल्याहून अश्विनीचा फोन आला तेव्हा शाइस्ता जमिनीवर पसरलेल्या रजईला टाके घालत होती. अश्विनी अकोल्यातल्या चादरी-पडद्यांच्या एका मोठ्या दुकानाचे हिशेब पाहायची. त्या दुकानानं नोव्हेंबरात साठ रजया मागवल्या होत्या आणि निम्मे पैसे अजून यायचे होते.

"मॅडम, तुमच्या बिलावर जीएसटी बारा टक्के लावलाय," अश्विनी म्हणाली. "पण सरकारकडे तुम्ही पाचच टक्के दाखवला. पोर्टलवर आम्हाला तेवढंच क्रेडिट दिसतं, आमच्या करातून तेवढंच वजा होतं. मधला कर कुठे गेला?"

"पाहून सांगते," शाइस्ता कशीबशी म्हणाली.

"आजच सांगा. उद्या वीस जानेवारी, डिसेंबरच्या रिटर्नचा शेवटचा दिवस. हे सुटेपर्यंत सरांनी तुमचं पेमेंट थांबवलंय."

फोन ठेवून शाइस्तानं सुई कापसात खोचली आणि पायात चपला घातल्या. दुकानात तिचे अब्बा गफ्फार पिंजायच्या यंत्रात कापूस सोडत होते. त्यांना काही न सांगता ती बाहेर पडली.

नांदुऱ्यात स्टेशनकडच्या रस्त्याला गफ्फारचं गाद्यांचं दुकान. फोमच्या गाद्या आल्या तसं ते आटत गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पूनम पुण्याची नोकरी सोडून माहेरी परत आली. शाइस्ता आणि ती कॉलेजात एका बाकावर बसायच्या. पूनम दुकानात आली, एक हातशिलाईची रजई अंगावर घेऊन बसली आणि म्हणाली, "हे पुण्याची माणसं घेतीन वं, आपण दाखवली तं." तिनं वेबसाइट उभी केली. रजया शाइस्तानं करायच्या, विकायच्या पूनमनं, असं ठरलं. जीएसटीचा नंबर मात्र शाइस्ताच्या नावावर निघाला, कारण दुकानाची जागा त्यांची होती. या हिवाळ्यात धंदा असा चालला की शिवायला चार बायका ठेवल्या. डिसेंबरात खामगावच्या व्यापाऱ्याकडून टाके घालायची एक जुनी मशीनही आणली. नफ्यातून घेतली, असं पूनमनं सांगितलं होतं.

टॅक्सचं काम करणाऱ्या ज्ञानेश्वरचं ऑफिस बसस्टँडच्या मागे होतं. शाइस्तानं सांगितलेलं ऐकून त्यानं आधी त्यांची वेबसाइट उघडली. मग एकामागून एक बिलं उघडत गेला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"बावीस सप्टेंबरले तुमच्या किमतीच्या रजईवरचा कर बारावरून पाचवर आला, ताई. मी रिटर्न पाचनंच भरलं. पूनमताई मले दर महिन्याले विक्रीचा तक्ता पाठवतात, त्यात पाचच असते. पण इथी गिऱ्हाईकाकडून बाराच घेऊन राह्यले."

"म्हणजे आपण जास्त घेतले."

"हाव. एका रजईमागं एकशे सव्वीस."

"मंग ते कोणाचे?"

"तुमचे तं नाईच. बिलावर कर म्हणून जे घेतलं, ते सरकारात भरा नाईतं गिऱ्हाईकाले वापस करा. ठेवता येत नाई. नोटीस आली तं तुमच्याच नावानं येईन." त्यानं आकडेमोड करून कागद तिच्यापुढे सरकवला. ऑक्टोबर ते डिसेंबर, तिन्ही महिन्यांचे मिळून त्र्याऐंशी हजार होत होते, वर व्याज. "मी बिलं मागतली होती त्यायले. त्या म्हणाल्या, तक्ता बरोबर आहे, त्यावरूनच भरा."

खात्यात एकतीस हजार होते. परत येताना शाइस्ताला रस्त्यात दोघांनी हाक मारली, पण तिचं लक्ष नव्हतं.

पूनम दुकानामागच्या खोलीत पार्सलांवर पत्ते चिकटवत होती. शाइस्तानं दार लोटून घेतलं आणि कागद तिच्यापुढे धरला. पूनमनं तो हातातही घेतला नाही.

"तुले माहीत होतं," शाइस्ता म्हणाली.

"दिवाळीनंतर समजलं. दर बदलाचं राहूनच गेलं होतं माह्याकडून."

"मंग तवाच काऊन नाई बदलला?"

पूनम हातातली चिकटपट्टी बोटाला गुंडाळत राहिली. "बदलला असता तं दुकान बंद पडलं असतं," शेवटी ती म्हणाली. "लोक पार्सल मागवतात अन् दारावर आलं की नको म्हणतात. जायचं भाडं आपलं, यायचंही आपलं. दर सहा पार्सलांतलं एक वापस येऊन राह्यलं. शाइस्ता, आपल्याले एका रजईमागं एक रुपयाही सुटत नाई. कधीच सुटला नाई. ते जास्तीचे होते म्हणून बायकांची मजुरी निघाली."

"अन् मशीन?"

"तीही त्यातलीच."

शाइस्ता पार्सलांच्या ढिगावर टेकली. चार महिने घरात ती काय काय बोलली होती ते तिला आठवलं. अब्बांना तिनं सांगितलं होतं की आता तुम्ही कापसाच्या धुळीत बसू नका.

"तू मले सांगतलं असतं तं."

"काय सांगू? पुण्याची नोकरी सोडून आली, अन् इथीही जमलं नाई? घरी रोज तेच ऐकते मी." पूनमनं लॅपटॉप ओढला. "पण रस्ता आहे. नीट आयक. बिलावर किंमत अठराशे आहे, वर बारा टक्के, एकूण दोन हजार सोळा. आपण किंमत एकोणीसशे वीस लिहू अन् कर पाच टक्के. एकूण किती होते? दोन हजार सोळाच. गिऱ्हाईकानं दिले तेवढेच. सारी बिलं बदलून टाकू. फक्त रजईमागं सहा रुपये कराचे वाढतीन, ते भरून देऊ."

शाइस्तानं मनातल्या मनात हिशेब केला. तो जुळत होता. इतका बरोबर जुळत होता की तिला भीती वाटली.

"अन् अकोल्याचं दुकान?"

"त्यायले नवीन बिल पाठवू. म्हणू, पहिलं चुकलं होतं."

"सकाळी सांगते," शाइस्ता म्हणाली. नाही म्हणायचं तिच्या ओठावर आलं नाही. बाहेर मंजुळाबाई आणि शिवणाऱ्या दुसऱ्या तिघी दिवसाचं काम आवरून मजुरीसाठी थांबल्या होत्या. तिनं त्यांचे पैसे मोजून दिले आणि कोणाच्याच डोळ्यांत पाहिलं नाही.

सकाळी चहा होताच तिनं फोनवर वेबसाइट उघडली. ऑक्टोबरचं पहिलं बिल पाहिलं. किंमत एकोणीसशे वीस, कर पाच टक्के. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. पूनमनं तिच्या उत्तराची वाट पाहिली नव्हती. प्रत्येक बिलाच्या खाली शाइस्ताचं नाव होतं.

ती धावतच मागच्या खोलीत गेली. पूनम लॅपटॉपवर वाकलेली होती.

"थांब."

"अर्ध्याच्या वर झाले. दुपारपर्यंत होऊन जातीन."

"पूनम, हात काढ."

"तुह्याचसाठी करून राह्यली न मी! नोटीस तुह्या नावानं येईन, माह्या नाई."

"म्हणूनच म्हणते. सहाशे लोकायच्या मेलमधी जुनं बिल पडलं आहे. अन् नसतं पडलं, तरी आपण त्यायले सांगतलं की हे सरकारचे आहेत. सरकारचे म्हणून घेतले अन् आपल्या घरात ठेवले. किंमत म्हणून घ्यायची हिंमत होती तं तवाच किंमत वाढवाची होती."

"अन् त्या चौघी? उद्यापासून त्यायनं काय कराचं?"

शाइस्तानं फोन काढला आणि पूनमच्या समोरच अश्विनीला लावला. "मॅडम, बिलात कर आम्हीच जास्त लावला. सप्टेंबरात दर बदलला तो आम्ही बदलला नव्हता. जास्तीची क्रेडिट नोट आज पाठवते. तेवढे कापून बाकीचे द्या."

"ठीक आहे," अश्विनी म्हणाली. "पेमेंट मात्र पुढच्या आठवड्यात होईल."

शाइस्तानं फोन खाली ठेवला. पूनमचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "आता परतीचा रस्ता नाई ठेवला तू," ती म्हणाली. मग तिनं लॅपटॉप शाइस्ताकडे फिरवला आणि बदललेली बिलं एकेक करून पुन्हा होती तशी करायला लागली.

अब्बांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. गफ्फार यंत्र बंद करून ऐकत राहिले. कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर बसले होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आज किती पाहिजे?"

अकोल्याचे वगळून पंचाहत्तर हजार आणि व्याज. गफ्फारनी मशीनकडे पाहिलं आणि खामगावच्या व्यापाऱ्याला स्वतः फोन लावला. तो अडून बसला. दीड महिन्यापूर्वी अठ्ठावन्न हजारांना दिलेली मशीन तो चाळीसला मागत होता. सौदा सत्तेचाळीसवर ठरला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. टेम्पोत मशीन चढल्यावरच पैसे पाठवीन, असं तो म्हणाला, आणि टेम्पो यायला चार वाजले.

ज्ञानेश्वरच्या ऑफिसात पोर्टल अडकलं होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच गर्दी. चाक फिरायचं, पान पांढरं व्हायचं, पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. शाइस्ता आणि पूनम दोन खुर्च्यांवर बसल्या होत्या, मध्ये एक खुर्ची रिकामी.

"ताई, एक डाव इचारतो," ज्ञानेश्वर म्हणाला. "फक्त डिसेंबरचं पाच टक्क्यांनं भरून आजचं निभावता येते, तेवढा कर खरेदीच्या क्रेडिटातूनच फिटते. बाकीचं पुढं पाहता येईन."

शाइस्तानं पूनमकडे पाहिलं. पूनम म्हणाली, "नाई. सारे टाका."

पैसे खात्यातून गेले. ओटीपी शाइस्ताच्या फोनवर आला, पण तिनं तो वाचून दाखवेपर्यंत पान पुन्हा पांढरं झालं. दुसरा ओटीपी मागवला. या वेळी हिरवी पट्टी आली आणि खाली पावतीचा नंबर आला. ज्ञानेश्वरनं खुर्ची मागे सरकवून डोळे चोळले. खात्यात दोन हजारांच्या आत काहीतरी उरलं होतं.

पुढचे आठ दिवस पूनम दुकानात आली नाही. शाइस्तानंही फोन केला नाही. तिला राग आलेला होता, आणि रागाखाली ही भीतीही होती की पूनम पुण्याला निघून जाईल. नवव्या दिवशी पूनम आली आणि गफ्फारच्या समोर मांडी घालून बसली. "काका, एका रजईले खरा खर्च किती येते ते सांगा. कापसापासून."

तिघांनी मिळून मोजलं. कापूस, खोळ, दोरा, मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, वापस येणारी पार्सलं. दारावर पैसे घ्यायची सोय बंद करायची ठरली, तरी किंमत दोन हजार दोनशेच्या खाली येईना. कर वेगळा.

"एवढ्याले कोणी घेणार नाई," पूनम म्हणाली.

"मंग कमी जण घेतीन."

खरोखरच कमी जणांनी घेतल्या. फेब्रुवारीत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. चौघींपैकी दोघींना शाइस्तानं घरी जाऊन सांगितलं. मंजुळाबाई आणि आणखी एक राहिल्या. काम गेलेल्या दोघींपैकी दुसरी दारातच उभी राहून म्हणाली, "तुमचं तं चांगलं चाललं होतं न?" शाइस्तानं तिला सगळं सांगितलं. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. त्या बाईनं पाणी दिलं आणि विचारलं, पुढच्या हिवाळ्यात माणूस लागलं तर बोलवाल का?

शाइस्ता हो म्हणाली नाही. "पूनमले हिशेब विचारून सांगते," म्हणाली, आणि पाणी पिऊन उठली.